नवा सिक्वेन्सर नको, आधी क्लॉक एकाच्या हाती द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एलेक्ट्रॉन डिजिटॅक्ट (ड्रम आणि सँपल वाजवणारं यंत्र), कॉर्ग मिनिलॉग (सिंथेसायझर), कॉर्ग व्होल्का बास (छोटा बास-सिंथ) आणि लॅपटॉप एवढं सामान आहे. पुढच्या महिन्यात पुण्यात ४० मिनिटांचा पहिला लाइव्ह सेट आहे. घरी वाजवताना काही वेळाने बास सुटतो, पॅटर्न (यंत्रात साठवलेला वाजवण्याचा तुकडा) बदलला की सगळं उघडं पडतं, आणि मित्राच्या कॅफेत लावून पाहिलं तेव्हा व्होल्काचा आवाज मिक्सरमध्ये आलाच नाही. म्हणून तुम्ही विचारताय की मोठा सिक्वेन्सर (नोट्स साठवून क्रमाने वाजवून घेणारं यंत्र) घ्यावा, की लॅपटॉपला मास्टर (बाकीच्यांना वेळ देणारा) करून सगळं त्याच्यावर सोपवावं.

माझ्या मते आत्ता दोन्ही नको. तुमच्याकडे यंत्रं कमी पडत नाहीयेत. अडचण ही आहे की वेळ कोण देणार, आवाज कुठून बाहेर पडणार आणि गडबड झाली तर परत कुठे यायचं, या तिन्ही गोष्टी दोन-तीन ठिकाणी वाटल्या गेल्यात. त्या एकेका ठिकाणी आणल्या की हेच सामान ४० मिनिटं सहज पेलेल. यातलं बरंचसं तुम्ही काय वाजवता यावर अवलंबून आहे हे आधीच सांगतो. पूर्ण बांधलेली गाणी वाजवणाऱ्याची मांडणी वेगळी असते, अँबियंट करणाऱ्याला क्लॉकची, म्हणजे सगळ्या यंत्रांना एका लयीत ठेवणाऱ्या ठोक्यांची, फारशी फिकीरच नसते. तुम्ही १२५ बीपीएमच्या (मिनिटाला १२५ बीट) आसपासचं टेक्नो म्हणालात, तेच धरून लिहितोय.

आधी "बास सुटतो" म्हणजे नेमकं काय होतं ते ऐकायला शिका. सिंक, म्हणजे यंत्रांची एकमेकांशी जुळलेली लय, तुटणं तीन प्रकारचं असतं आणि प्रत्येकाचं कारण वेगळं.

पहिला प्रकार: बास आणि किकमधलं अंतर हळूहळू वाढत जातं. सुरुवातीला बरोबर, मिनिटाभराने किंचित मागे, पाच मिनिटांनी भलतीकडेच. याचा अर्थ दोन यंत्रं मुळात एकमेकांना बांधलेलीच नाहीत. दोघांवर १२५ दिसतंय, पण दोघं आपापल्या घड्याळावर चालली आहेत. केबल लावलेली असते, पण सेटिंगमध्ये क्लॉक सोर्स इंटर्नलवरच राहिलेला असतो.

दुसरा प्रकार: बास अचानक ठरावीक अंतराने सरकतो आणि मग तिथेच राहतो. अर्धी मात्रा पुढे किंवा मागे, पण पक्का. हे टेम्पोचं दुखणं नाही, मोजणी चुकल्याचं आहे. तुमच्या वर्णनावरून मला हाच प्रकार वाटतो, कारण तुम्ही मिनिलॉगच्या सिंक आउटमधून व्होल्काच्या सिंक इनला छोटी केबल दिली आहे. त्या केबलमधून जातात ते फक्त ठोके, एका बीटला दोन. प्रत्येक ठोक्याला व्होल्का दोन स्टेप (एक स्टेप म्हणजे बीटचा चौथा भाग) पुढे सरकतो. "ही सम आहे, इथून सुरू कर" अशी माहिती त्या ठोक्यात नसते. एखादा ठोका हुकला, किंवा जॅक हलून एखादा जास्तीचा गेला, की व्होल्का दोन स्टेप सरकतो आणि थांबवून पुन्हा सुरू करेपर्यंत तसाच वाजत राहतो. त्याला स्वतःहून समेवर यायचा मार्गच नाही.

तिसरा प्रकार: सगळं जागेवर आहे, पण पकड सैल वाटते. कधी किंचित आधी, कधी किंचित नंतर. हा जिटर, आणि तो बहुतेक वेळा कॉम्प्युटरकडून येतो.

मिडी म्हणजे वाद्ययंत्रांनी एकमेकांना संदेश पाठवायची ठरलेली पद्धत. त्यातला क्लॉक कसा चालतो हे एकदा आकड्यांत पाहून घ्या, मग पुढचं सगळं सोपं जाईल. एका क्वार्टर नोटमागे २४ टिक जातात. १२५ बीपीएमला एक बीट ४८० मिलिसेकंदांची, म्हणजे दर २० मिलिसेकंदांना एक टिक. सोळाव्या भागाच्या एका स्टेपला ६ टिक. मिडीचा वेग १९८३ पासून तोच आहे, सेकंदाला ३१,२५० बिट. एक नोट सुरू करायचा संदेश तीन बाइटचा, त्याला सुमारे १ मिलिसेकंद लागतो. क्लॉकचा टिक मात्र एकाच बाइटचा असतो आणि तो इतर संदेशांच्या मधे घुसू शकतो. म्हणून हार्डवेअरपासून हार्डवेअरपर्यंत पाच पिनांच्या केबलने दिलेला क्लॉक आजही उत्तम चालतो. लॅपटॉपला त्याच वेळी ऑडिओ, स्क्रीन आणि युएसबी असं सगळं सांभाळायचं असतं, त्यामुळे त्याचे टिक मागेपुढे पडतात. किक आणि बास यांच्यात १० मिलिसेकंदांचा डळमळीतपणा आला की ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पण पाय थांबतात.

शिवाय क्लॉकसोबत स्टार्ट आणि स्टॉपचे संदेशही जातात. सिंकच्या ठोक्यांत नसलेली गोष्ट हीच. डिजिटॅक्टवर प्ले दाबलं की स्टार्ट जातो आणि ऐकणारं प्रत्येक यंत्र पहिल्या स्टेपवर येतं.

तेव्हा जोडणी अशी करा. डिजिटॅक्ट हा एकमेव मास्टर. त्याच्या मिडी सेटिंगमध्ये क्लॉक सेंड आणि ट्रान्सपोर्ट सेंड (स्टार्ट-स्टॉपचे संदेश) चालू, क्लॉक रिसीव्ह बंद. मिनिलॉगचा क्लॉक सोर्स मिडीवर. व्होल्काची सिंक केबल काढून ठेवा आणि त्यालाही मिडीनेच क्लॉक द्या. इथे एक अडचण येते. डिजिटॅक्टचा मिडी आउट एकच आहे. त्याचा थ्रू पोर्ट इनमध्ये आलेलंच पुढे देतो, आउटची नक्कल करत नाही. मिनिलॉगला इन आणि आउट आहेत, थ्रू नाही. म्हणून तुमच्या यादीत भर घालायची असेल तर ती एकाच वस्तूची: एक इन आणि दोन-चार आउट असलेला छोटा मिडी थ्रू बॉक्स. आउटमधून थ्रू बॉक्समध्ये, तिथून एक केबल मिनिलॉगला, एक व्होल्काला. दोघं सरळ मास्टरकडून ऐकतात. आत्ता मिनिलॉग डगमगला की त्याच्यामागे व्होल्काही जातो, ती साखळी यात तुटते.

पुढे कधी ३.५ मिलिमीटर जॅकचा मिडी असलेलं छोटं यंत्र घेतलंत तर त्यात टाइप ए आणि टाइप बी असे दोन प्रकार आहेत हे लक्षात ठेवा. २०१८ मध्ये टाइप ए हे प्रमाण ठरलं, पण त्याआधीची बरीच यंत्रं बी आहेत. चुकीच्या अडॅप्टरने काही जळत नाही, फक्त काहीच वाजत नाही.

आता चॅनेल, म्हणजे कुठला संदेश कुठल्या यंत्राचा हे सांगणारा क्रमांक. मिनिलॉगला १, व्होल्काला २ असं काहीही द्या, पण कागदावर लिहून ठेवा आणि पुन्हा बदलू नका. महत्त्वाचा निर्णय दुसराच आहे: बासच्या नोट्स कुठे राहणार? सध्या त्या व्होल्काच्या स्वतःच्या सिक्वेन्सरमध्ये आहेत. म्हणून तुम्ही डिजिटॅक्टवर पॅटर्न बदलता तेव्हा ड्रम पुढच्या तुकड्यात जातात आणि बास मागच्याच तुकड्यात राहतो. तो बदलायला तुमचा दुसरा हात व्होल्काकडे धावतो, आणि तेवढ्यात मिनिलॉगचा पॅच (साठवलेला आवाज, म्हणजेच प्रोग्रॅम) बदलायचा राहतो. तुम्ही म्हणता ते "उघडं पडणं" इथून येतं. डिजिटॅक्टमध्ये ऑडिओचे ८ आणि मिडीचे ८ ट्रॅक आहेत. बास एका मिडी ट्रॅकवर आणा, मिनिलॉगची कॉर्ड दुसऱ्यावर. पॅटर्न बदलला की तिन्ही यंत्रं एकत्र पुढे जातील. मिडी ट्रॅकवरच प्रोग्रॅमचा क्रमांक देता येतो, त्याने मिनिलॉगचा पॅचही आपोआप बदलतो.

यात एक गोष्ट हमखास त्रास देते. मिनिलॉगच्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये त्याचा स्वतःचा सिक्वेन्सही साठवलेला असतो आणि स्टार्टचा संदेश आला की तोही चालू होतो. वरून डिजिटॅक्टच्या नोट्स येतात, खालून मिनिलॉग स्वतःचं काहीतरी वाजवतो, आणि माणूस तासभर चूक शोधत बसतो. सेटमध्ये वापरणार त्या प्रत्येक प्रोग्रॅमचा सिक्वेन्स रिकामा करून पुन्हा सेव्ह करा. व्होल्कातही तेच.

तुमच्याहून फार कमी सोयी असताना मुंबईत हे झालंय. चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये टीआर-८०८ (ड्रम मशीन), टीबी-३०३ (बास मशीन) आणि ज्युपिटर-८ (सिंथेसायझर) घेऊन रागांवर रेकॉर्ड केली, तेव्हा मिडी बाजारात आलेलाही नव्हता. ८०८ आणि ३०३ यांना सिंकचं सॉकेट होतं, म्हणजे ताल एका यंत्राने द्यायचा, दुसऱ्याने मागोमाग चालायचं. २०१० मध्ये ती रेकॉर्ड पुन्हा निघाली आणि जगभर अ‍ॅसिड हाउसवाल्यांनी कान टवकारले. मी नव्या मुलांना ती ऐकायला सांगतो ते जुनी आहे म्हणून नव्हे. ताल आणि बासची ओळ यंत्रांनी धरून ठेवल्यावर हात किती मोकळे होतात हे त्यात ऐकू येतं.

तर आतापर्यंत: क्लॉक एकाकडून, नोट्स एकाच जागी, मधे थ्रू बॉक्स. आता आवाजाकडे.

व्होल्काचा आवाज कॅफेत का आला नाही, ते मला जवळजवळ खात्रीने सांगता येईल. व्होल्काला एकच आउटपुट आहे, ३.५ मिलिमीटरचं हेडफोनचं. त्यातून डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंना तोच आवाज येतो. तुम्ही एका टोकाला ३.५ आणि दुसऱ्या टोकाला मोठा जॅक असलेली स्टिरिओ केबल घेतली असणार, जॅकवर दोन काळ्या रिंगा असलेली, आणि ती मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटमध्ये खोचली असणार. बॅलन्स्ड इनपुटचं कामच असं की टोकावरच्या आवाजातून रिंगवरचा आवाज वजा करायचा. केबलमध्ये शिरलेला गोंगाट दोन्हीकडे सारखा असतो, तो त्यामुळे निघून जातो. इथे दोन्हीकडे सारखा होता तो तुमचा बासच. तोही वजा झाला. हेडफोन लावले तर छान ऐकू येतं, मिक्सरमध्ये शून्य, त्यामुळे सगळे केबललाच दोष देतात. उपाय: ३.५ स्टिरिओपासून दोन मोठ्या मोनो जॅकची फाटा असलेली केबल घ्या, त्यातला एकच जॅक लावा, दुसऱ्यावर टेप गुंडाळून ठेवा.

मिक्सर घ्यायचा का, हेही विचारलं होतंत. तीन यंत्रांना मी म्हणेन, आधी डिजिटॅक्टचे दोन ऑडिओ इनपुट वापरून बघा. ते ड्युअल मोनो करा, डाव्यात मिनिलॉग, उजव्यात व्होल्का, दोन्ही पॅन मध्यावर. डिजिटॅक्टचे रिव्हर्ब आणि डिले त्यांनाही मिळतात, आणि बाहेर जायला दोनच केबल राहतात. यातला तोटा खरा आहे: बास खाली घ्यायला फेडर नाही, मेनूचं पान उघडावं लागतं. तुमच्या वाजवण्यात बास हाताने आत-बाहेर करणं हाच मुख्य खेळ असेल तर छोटा मिक्सर घ्या. मी स्वतः फेडरवर बोट ठेवून वाजवणारा आहे, म्हणून माझ्या टेबलावर मिक्सर असतो. पण माझी सवय म्हणून तुम्ही पैसे घालवू नका.

कुठल्याही मार्गाने गेलात तरी एकच स्टिरिओ जोडी साउंडवाल्यांकडे द्या. तीन यंत्रांच्या तीन लाइन दिल्या की तुमचं मिक्सिंग तुमच्या हातात राहत नाही. जागेवर दोन डीआय बॉक्स (वाद्याचा आवाज साउंडच्या मिक्सरला योग्य रूपात देणारे डबे) आहेत का, ते आदल्या दिवशी फोन करून विचारा. लेव्हल ठरवताना सेटमधला सगळ्यात भारी तुकडा वाजवा आणि मीटरवरचे उंचवटे उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. उरलेली ताकद सिस्टिमची. नवखे बहुधा हळुवार सुरुवातीवर साउंडचेक करतात, मग विसाव्या मिनिटाला सगळं लाल होतं आणि इंजिनिअर जो आवाज खाली घेतो तो शेवटपर्यंत वर येत नाही.

बऱ्याच लहान जागांची सिस्टिम मोनो असते. घरी एकाच स्पीकरवर पूर्ण सेट ऐका. रिव्हर्ब-डिलेमुळे स्टिरिओत रुंद वाटणारा मिनिलॉगचा पॅच मोनोत हरवतो की काय, ते तिथे कळेल. किक आणि बास एकमेकांना खातात की नाही, तेही तपासा. व्होल्काचे तिन्ही ऑसिलेटर (मूळ स्वर काढणारे भाग) खाली एकत्र लावले आणि किकची शेपटीही लांब ठेवली की मोठ्या सबवूफरवर नुसती घरघर येते. खालचा भाग कोणाचा हे प्रत्येक पॅटर्नसाठी ठरवा. किक खोल असेल तर बासचा एक ऑसिलेटर वरच्या सप्तकात न्या. बास खोल असेल तर किक आखूड करा. हेडफोनवर ही गोष्ट कळतच नाही.

विजेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे सेट पडतात ते बहुधा इथे. स्टेजवरच्या सगळ्या वस्तू एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या आणि तो बोर्ड ज्या लाइनवर साउंडचा मिक्सर आहे त्याच लाइनवरून मागा. वेगवेगळ्या लाइनवरून घेतलं की अर्थिंगमधला फरक ऑडिओ केबलमधून वाहतो आणि ५० हर्ट्झची घूं सुरू होते. घूं आली की कोणीतरी हमखास सुचवतं, अर्थची पिन काढून टाका. कधीही काढू नका, जिवाशी खेळ आहे. घूं घालवायची तर ऑडिओच्या बाजूने, डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावून. व्होल्काला ६ पेन्सिल सेल चालतात, त्या सेटसाठी त्याला नवे सेल घाला, एक संशयित तिथेच कमी होतो. गिटारच्या पेडलचा सप्लाय व्होल्काला लावू नका: दोन्ही ९ व्होल्टचे असले तरी पेडलच्या प्लगचा मधला भाग बहुधा निगेटिव्ह असतो, व्होल्काला पॉझिटिव्ह लागतो. प्रत्येक अडॅप्टरवर यंत्राचं नाव लिहिलेली टेप लावा. अंधारात सगळे काळे ठोकळे सारखेच दिसतात.

आता वाजवण्याबद्दल. यंत्रं नीट जोडली गेली तरी ४० मिनिटं आपोआप होत नाहीत. माझा सल्ला: सहा-सात पॅटर्न भक्कम बांधा, तीस अर्धवट नको. प्रत्येकात पाच-सहा मिनिटं राहता आलं पाहिजे. म्यूट, फिल्टर, बासच्या ओळीची लांबी बदलणं यातून तो तुकडा फुलवायचा. बासचा ट्रॅक १२ स्टेपचा आणि ड्रम १६ चे ठेवलेत तर दोघं ४८ स्टेपनी, म्हणजे तीन बारनी, पुन्हा समेवर भेटतात. एवढ्याशा युक्तीवर ऐकणारा बराच वेळ गुंतून राहतो, आणि ही गोष्ट आपल्या कानांना उपजतच आवडते असं मला नेहमी वाटतं.

पॅटर्न बदलताना सगळं एकदम बदलू नका. एक धागा दोन्हीकडे सारखा ठेवा: तीच हॅट, किंवा मिनिलॉगचा लांब धरलेला स्वर. टेम्पो पॅटर्नवर न ठेवता सबंध प्रोजेक्टला एकच ठेवा, नाहीतर बदलताना झटका बसतो. पॅटर्न ६४ स्टेपचा असेल तर बदल तो संपल्यावरच होतो हे ध्यानात ठेवा. १२५ बीपीएमला चार बार म्हणजे जवळजवळ आठ सेकंद. स्टेजवर आठ सेकंद फार मोठी वाटतात आणि बटण दाबलं गेलं नाही असं समजून माणूस पुन्हा दाबतो. घरी इतका सराव करा की त्या आठ सेकंदांत हात शांत राहतील.

परत यायची जागाही डिजिटॅक्टमध्येच आहे. फंक्शन आणि यस एकत्र दाबलं की पॅटर्नची तात्पुरती स्थिती साठते, फंक्शन आणि नो दाबलं की तिथे परत येता येतं. एखाद्या तुकड्यात शिरल्यावर पहिल्या बारमध्येच साठवा, मग मनसोक्त मोडतोड करा. ट्रॅकचं बटण धरून नॉब फिरवला की सगळ्या ट्रॅकचं फिल्टर एकदम फिरतं. ते पूर्ण बंद करत न्यायचं आणि समेवर नो दाबायचं, खोलीत जो फरक पडतो तो कुठल्याही तयार राइझरने (चढत जाणाऱ्या आवाजाने) पडत नाही. ही सोय व्होल्काला नाही, तिथे नॉब जिथे तसा आवाज. त्याच्या फिल्टरच्या कटऑफ आणि रेझोनन्स या नॉबच्या घरच्या जागा पांढऱ्या टेपच्या बारीक पट्टीने खुणावून ठेवा. मिनिलॉग अ‍ॅनालॉग आहे, त्याला सेटच्या अर्धा तास आधी चालू करा आणि सूर जुळवून घ्या. उघड्यावरच्या स्टेजवर दुपारचं ऊन आणि रात्रीचा गारवा यांत तो सरकतो.

लॅपटॉपचं म्हणाल तर तो घरी बरोबर सेट रेकॉर्ड करायला उत्तम. स्टेजवर आणायचाच असेल, समजा गायिकेचे तुकडे किंवा व्हिज्युअल आहेत, तर त्याला नुसतं डिजिटॅक्टच्या क्लॉकमागे चालवू नका, बाहेरून येणाऱ्या मिडी क्लॉकमागे धावताना सॉफ्टवेअरचा टेम्पो सतत थरथरतो. अशा वेळी तोच मास्टर व्हावा लागतो, आणि मग ऑडिओच्या अचूकतेने क्लॉक काढून देणारं वेगळं यंत्र मधे घालावं लागतं. तो खर्च पहिल्या सेटला करू नये. लांब सँपल डिजिटॅक्टमध्येच भरून आणा, आणि निघण्याआधी प्रोजेक्टची एक प्रत वेगळ्या नावाने सेव्ह करा.

शेवटचं, वेळेबद्दल. जागा उघड्यावरची असेल तर रात्री १० नंतर स्पीकर बंद, त्यामुळे आधीचे लोक लांबले की कापली जातात ती तुमचीच मिनिटं. ४० चा सेट २५ मध्ये कसा संपवायचा हे आधी ठरवा: कुठले दोन पॅटर्न गाळायचे, कुठून कुठे उडी मारायची. मांडणीही घड्याळ लावून करून बघा, पिशवी उघडल्यापासून पहिला किक वाजेपर्यंत. पंधरा मिनिटांच्या आत आलात तर पुण्यात कोणाचीही तक्रार येणार नाही. केबल आधीच यंत्रांना लावून, सगळं एका प्लायवर वेल्क्रोने बसवून नेलंत तर स्टेजवर फक्त वीज आणि दोन आउटपुट जोडायचे राहतात. थ्रू बॉक्स लावल्यावरही व्होल्का सरकलाच, तर तो ठरावीक अंतराने सरकतो की हळूहळू, एवढं नीट ऐकून लिहा, मग पुढचं बघू.